'जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो' हे बायबलमध्ये नाहीये

हे वाक्य बायबलमधलं म्हणून कितीतरी वर्षं फिरतंय, चांगली चांगली माणसंही तसंच सांगतात, पण पूर्ण बायबल शोधलं तरी ते सापडणार नाही. इसापच्या हर्क्युलिस आणि गाडीवानाच्या गोष्टीचं तात्पर्य हेच, आणि बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या पंचांगात छापल्यावर ते आणखीनच पसरलं.

बायबल तर बरोब्बर उलटं म्हणतं. रोमकरांस पत्र ५:६-८ वाचा, आपण दुर्बळ होतो, पापी होतो, तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. म्हणजे आधी सुधारा मग प्रेम करतो, अशी अटच नाही!

मला तर लूक १५ मध्ये येशूने सांगितलेल्या गोष्टीतला उधळ्या मुलगाच आठवतो. बापाकडून घेतलेलं सगळं उडवल्यावर घरी निघण्याआधी तो मनात भाषण जुळवतो, 'मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मोलकरी म्हणून ठेवा'. पण तो लांब असतानाच बाप धावत सुटतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, आणि नीट बघितलं तर ते मोलकऱ्याचं वाक्य पोरगा बोलतच नाही, त्याआधीच बाप झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. किती वेळा वाचलं तरी इथे माझा गळा दाटून येतो.

मग चांगलं वागायचंच नाही का? वागायचं ना, इफिसकरांस पत्र २:८-१० मध्ये क्रम स्पष्ट आहे, तारण कृपेने, फुकट, देवाचं दान म्हणून, आणि सत्कर्मं त्याच्यानंतर.