शहर सजीव मानण्याचा शतकभराचा प्रवास

जीवाणू मिसळलेलं काँक्रीट, बुरशीच्या विटा, शेवाळ वाढवणाऱ्या भिंती. उद्याच्या शहरांविषयी बोलताना ही नावं आता सर्रास कानावर पडतात आणि वाटतं, जीवशास्त्र नगररचनेत नुकतंच शिरलंय. प्रत्यक्षात हे नातं शतकभर जुनं आहे. आधुनिक नगररचनेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस, मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक होते. शहरंही उत्क्रांत होतात, हे ते १९१५ च्या सुमारास ठामपणे मांडत होते. जुन्या वस्त्या सरसकट पाडून सरळ रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. आधी रोगनिदान करा, मग लागेल तेवढीच शस्त्रक्रिया करा, असं त्यांचं म्हणणं.

१९६५ मध्ये अमेरिकी अभियंते एबल वोल्मन यांनी शहराच्या चयापचयाचा, म्हणजे शहरात काय येतं आणि त्यातून काय बाहेर पडतं याचा, ताळेबंद मांडला. त्यांच्या दहा लाख वस्तीच्या काल्पनिक शहरात दिवसाला सव्वासहा लाख टन पाणी येत होतं आणि अन्न अवघं दोन हजार टन.

जपानमधल्या तरुण वास्तुरचनाकारांनी तर १९६० मध्येच आपल्या चळवळीला ‘मेटाबोलिझम’, म्हणजे चयापचय, हे नाव दिलं होतं. त्यांच्यापैकी किशो कुरोकावा यांचा नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ मध्ये टोकियोत उभा राहिला. काँक्रीटच्या दोन मनोऱ्यांना बोल्टने जोडलेल्या १४० खोल्या, प्रत्येक जेमतेम दहा चौरस मीटरची, एकच मोठी गोल खिडकी असलेली. शरीरातल्या पेशींसारख्या त्या साधारण २५ वर्षांनी बदलायच्या, असं ठरलं होतं. एकही बदलली गेली नाही. खालची खोली काढायची तर तिच्यावरच्या सगळ्या आधी उतरवाव्या लागणार होत्या. २०२२ मध्ये इमारत पाडली गेली. या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत जास्त शिकवून जातो. कल्पना सुंदरच होती, पण पेशीचं रूप तेवढं इमारतीत आलं. शरीर ज्या सहजतेने पेशी बदलतं, ती सहजता आली नाही.

पुढचे प्रयोग सजीव वागतात कसे, याकडे बारकाईने पाहू लागले. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी टोकियो परिसरातल्या शहरांच्या जागी ओट्सचे दाणे ठेवले आणि मध्ये स्लाइम मोल्ड हा मेंदू नसलेला पिवळा जीव सोडला. आधी तो सगळीकडे पसरला. मग बिनकामाच्या नळ्या आक्रसत गेल्या, उपयोगाच्या जाड झाल्या आणि सुमारे २६ तासांत प्रत्यक्ष रेल्वेजाळ्याशी तुलना करता येईल असं जाळं तयार झालं.

२०१३ मध्ये हॅम्बुर्गमध्ये एका निवासी इमारतीच्या दर्शनी भागावर शेवाळाच्या १२९ काचपेट्या बसल्या. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या हेंक यॉन्कर्स यांनी काँक्रीटमध्ये जीवाणूंचे बीजाणू आणि त्यांचं अन्न मिसळलं. भेगेतून पाणी आत शिरलं की जीवाणू जागे होतात, चुनखडी तयार करतात आणि भेग बुजते. अर्थात भेग मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तरच.

२०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मक्याच्या ताटांचा भुसा आणि बुरशीचे तंतू यांच्यापासून साच्यात वाढवलेल्या सुमारे दहा हजार विटांचा मनोरा रचला गेला. उन्हाळा संपल्यावर तो उतरवला आणि विटांचं खत केलं.