खालच्या मजल्यावर राहताय? पाण्याचं प्रेशर एकदा मोजून घ्या

पाणी कमी आलं की लगेच आम्हा प्लंबरना फोन येतो. जोरात आलं तर कोणी तक्रार करत नाही, उलट ‘आमचा शॉवर मस्त चालतो’ म्हणून कौतुकच! पण नळ बंद करताच भिंतीत ‘धाड्’ आवाज, फ्लश टँक भरताना शिट्टी, सारखे जाणारे वॉशर आणि गिझर बंद असतानाही त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणारं पाणी, ही प्रेशर वाढल्याची लक्षणं असू शकतात. (तो व्हॉल्व्ह बूच मारून बंद करू नका. धोका आहे.)

टाकीपासून दर 10 मीटर खाली साधारण 1 बार (प्रेशर मोजायचं एकक) प्रेशर वाढतं. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या 30 मजली टॉवरमध्ये टाकी गच्चीवर आणि तुम्ही सातव्या मजल्यावर असाल, तर हिशेब 7 बारच्या आसपास जातो. एवढं घरात येऊ नये म्हणून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत, काही मजल्यांआड प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, असतो. त्यात कचरा अडकला किंवा आतलं रबर गेलं की रात्री वापर थांबल्यावर प्रेशर हळूहळू चढतं. नौपाड्यातल्या जुन्या चार मजली इमारतींत हा प्रश्न सहसा नसतोच.

वॉशिंग मशीनच्या नळाला प्रेशर मोजायचा गेज लावायचा, घरातले बाकीचे नळ बंद ठेवायचे आणि काटा बघायचा. शक्यतो रात्री उशिरा. 2 ते 3 बार उत्तम. 5च्या वर काटा गेला तर काम करून घ्याच.

बरेच जण मेन कॉक अर्धा फिरवून ठेवतात. त्याने धार बारीक होते, प्रेशर नाही. सगळे नळ बंद झाले की पाइपमध्ये पुन्हा पूर्ण प्रेशर उभं राहतं, आणि जेट स्प्रेचा पाइप फुटतो तो अशाच वेळी, घरात कोणी नसताना. गावाला जाताना जेटचा अँगल कॉक तरी बंद करत जा.

खरा उपाय म्हणजे फ्लॅटच्या लाइनवर स्वतंत्र पीआरव्ही. आपल्याकडे बहुतेक टॉवरमध्ये प्रत्येक बाथरूमची लाइन डक्टमधून वेगळी येते, त्यामुळे एकाने भागेलच असं नाही. किती लागतील ते लाइन बघूनच सांगू.

वरखालच्या शेजाऱ्यांकडेही हाच त्रास असेल, तर आधी सोसायटीला कळवा. बिघाड डक्टमधल्या पीआरव्हीचा असेल, तर दुरुस्ती त्यांच्याकडे येते. आम्हाला बोलावलंत तर वॉचमनकडून डक्टची चावी मात्र घेऊन ठेवा.