पेरणारा, पाणवठा आणि हरवलेलं नाणं : दाखल्यांची रीत मराठीत कशी रुजली

लहानपणी शब्बाथशाळेत पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली एक बोधकथा, तोंडपाठ होता, पण त्यातली एक गोष्ट मला काही केल्या पटत नव्हती. आमच्याकडे पेरणी पाभरीनं. चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यांतून सरळ तासात उतरतं. मग येशूच्या गोष्टीतल्या शेतकऱ्याचं बी वाटेवर, खडकावर आणि काट्यांत पडतंच कसं? आजीला विचारलं. ती परसात मेथीचा वाफा करत होती. काही न बोलता तिनं पदरातलं बी मुठीत घेतलं आणि फोकलं. बरंचसं वाफ्यात पडलं, थोडं वरंब्यावर, चार दाणे पायवाटेवर. कोंबडी धावत आली. “तिकडं सगळंच असं फोकत असतील,” आजी म्हणाली आणि माती सारखी करायला लागली.

वचनातली गोष्ट हातातल्या कामाशेजारी ठेवून पाहायची आणि त्यातून विश्वासासाठी काहीतरी उचलायचं, ही रीत ख्रिस्ती घरांत इतकी रुळलेली आहे की ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. ती फार लांबून आली आहे, आणि मराठीत येताना इथल्या बऱ्याच गोष्टी तिनं सोबत घेतल्या आहेत.

तिचं एक जुनं आणि धारदार उदाहरण जुन्या करारातल्या 2 शमुवेल या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात आहे. दावीद राजानं उरियाची बायको बथशेबा हिला आपल्याकडे आणलं आणि उरियाला लढाईच्या आघाडीवर पाठवून मारवलं. नाथान संदेष्टा राजाकडे गेला, पण आरोप करायला नाही. त्यानं एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते. शेजारच्या गरिबाकडे एकच कोकरी होती, त्याच्या ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्यानं स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची कोकरी कापली. दावीद भडकला. असं करणारा मरणदंडाला पात्र आहे, म्हणाला. नाथान म्हणाला, तो माणूस तूच आहेस. मला वाटतं, दाखल्याची सगळी ताकद या एका प्रसंगात दिसते. ऐकणारा आधी गोष्टीत शिरतो, स्वतः न्याय देतो, आणि मग तो न्याय त्याच्याच अंगावर येतो.

अशा बोलण्याला हिब्रूत ‘माशाल’ म्हणत. म्हण, कोडं, उपमा, गोष्ट, सगळं त्यात येई. ग्रीकमध्ये त्याचा ‘पॅराबोले’ झाला, म्हणजे एक वस्तू दुसरीच्या शेजारी ठेवणं. मराठी बायबलनं शब्द घेतला ‘दाखला’. आज दाखला म्हटलं की शाळा सोडल्याचा किंवा जातीचा दाखला आठवतो, पण कशाची तरी खूण पटवायला पुढे ठेवायचं ते, हा अर्थ इथंही लागू पडतो.

येशूनं गालीलात जे दाखले दिले त्यांत देऊळ, यज्ञ, शास्त्र फारसं येत नाही. पीठ, खमीर, मासेमारीचं जाळं, मोहरीचा दाणा, द्राक्षमळ्यातली मजुरी, रात्री दार वाजवून भाकरी मागणारा मित्र, हे त्यांत येतं. लूकच्या 15 व्या अध्यायात दहा नाण्यांपैकी एक हरवलेली बाई दिवा लावते, घर झाडते, कोपरे धुंडाळते. आपल्याकडे ज्या घरात पुतळ्यांची माळ होती तिथं हा दाखला समजावून सांगावा लागला नसेल. माळेतली एक पुतळी गळून पडली तर उरलेल्या नऊ मोजून कुणी शांत बसत नाही. आणखी एक लक्षात घ्यावं. येशू पुष्कळदा अर्थ सांगत नाही. पेरणाऱ्याचा दाखला तो शिष्यांना उलगडून सांगतो, पण दयाळू शोमरोन्याची गोष्ट, जिच्यात लुटून वाटेवर टाकलेल्या माणसाला दोघं टाळून जातात आणि तिसरा, परका शोमरोनी, त्याला उतारशाळेत नेतो, एका प्रश्नावर संपते : या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? उत्तर समोरच्याला द्यावं लागतं.

पुढच्या शतकांत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आचार्यांनी मात्र अर्थ खूप सांगितला. याच गोष्टीच्या ऑगस्टीनच्या वाचनात वाटेवर पडलेला माणूस आदाम होतो, यरुशलेम स्वर्गीय नगर, लुटारू म्हणजे सैतान, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि उतारशाळेचा मालक चक्क प्रेषित पौल. या वाचनामागची भक्ती खोटी नाही. तरीही मला त्यात रस्त्यावर विव्हळणारा माणूस दिसेनासा होतो. प्रत्येक तपशिलाला वेगळा अर्थ लावण्याची ही पद्धत पंधराशे वर्षांच्या आसपास टिकली. 19 व्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासक अडॉल्फ युलिशर यांनी तिच्यावर जोरदार आघात केला. दाखल्याचा रोख एक असतो, बाकीचा तपशील गोष्टीसाठी असतो, हे त्यांचं म्हणणं. दरम्यान 13 व्या शतकापासून फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन उपदेशक गावोगाव हिंडत लहान लहान बोधकथा सांगत होते आणि त्यांचे संग्रह हातोहात फिरत होते.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाचा माणूस त्यानंतरचा. लोयोलाच्या इग्नाशियसनं घालून दिलेल्या आध्यात्मिक साधनेला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात मनन करणाऱ्यानं आधी ती जागा डोळ्यांपुढे आणायची असते : नासरेथहून बेथलेहेमला जाणारी वाट किती लांब, सपाट की चढउताराची, गुहा उंच की ठेंगणी. गोष्ट पाहायची, मग तिच्यात स्वतःला उभं करायचं. हीच शिकवण मुरलेला एक इंग्रज जेझुइट, म्हणजे इग्नाशियसच्याच संघाचा धर्मगुरू, 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याचं नाव थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्सचं आयुष्य गोव्यातल्या साष्टीत गेलं. तो काळ सुखाचा नव्हता. देवळं पाडली गेली होती, 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या पुराण ऐकून देवाधर्माचं शिकलेल्या माणसांना आता पाठ करायला फक्त धर्मप्रश्नोत्तरं होती. आमची पुराणं गेली, मग त्यांच्या जागी दुसरी का देत नाही, अशी मागणी नव्या ख्रिस्ती लोकांतूनच उठली, असं त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच आलं आहे. जे हिरावलं गेलं त्याची ती भूक होती, हे विसरून या ग्रंथाचं कौतुक करू नये. 1616 मध्ये राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरं, पण चाल ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची. मोगरा, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशा इथल्या वस्तूंशी मराठीची तुलना करत तो भाषेची थोरवी गातो, ती ओवी शाळेतल्या मुलांनाही माहीत असते.

1684 मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेवरच बंदी आणली. ग्रंथाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची, म्हणजे 1616, 1649 आणि 1654 ची, एकही प्रत आज हाती नाही. तो तगला तो हस्तलिखितांत, आणि गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या वाचनात. 1907 ची छापील आवृत्ती मंगळूरहूनच निघाली, ती यामुळे.

मराठी श्रोत्याला दृष्टांताची सवय स्टीफन्सनं लावली असं मात्र नाही. 13 व्या शतकात चक्रधरस्वामी खेडोपाडी हिंडताना रोजच्या जगण्यातले दृष्टांत देत. त्यांच्या महानुभाव पंथातल्या केसोबासांनी त्यांतले 114 ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. आधी सूत्र, मग गोष्ट, मग ती कशाला लागू पडते ते. ही घडण पाहिली की रविवारच्या उपदेशाची मांडणी इथल्या कानाला परकी का वाटली नाही ते समजतं.

ब्रिटिश अमलात अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला आले आणि 1831 पासून अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे त्यांचं मोठं केंद्र झालं. तिथूनच 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. पण मिशनऱ्यांच्या प्रवचनाला खेड्यातली माणसं फार वेळ बसत नसत. ती बसत कीर्तनाला. 1860 च्या दशकात नगर भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती उपदेशकांनी कीर्तनाचाच आधार घेतला. पूर्वरंगात एक वचन घेऊन निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, ही चौकट तयारच होती. आख्यान उधळ्या पुत्राचं किंवा योसेफाचं, टाळ आणि झांजा त्याच. माझ्या मते मराठी ख्रिस्ती परंपरेतला हा सगळ्यात सुज्ञ निर्णय. गोष्ट परदेशी चर्चच्या बाकावरून उठून देवळापुढच्या, चावडीपुढच्या मंडळींत येऊन बसली.

पण ऐकणारे कोण होते, याकडे पाहिल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहतो. नगर जिल्ह्यात 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबं महार आणि मांग समाजातली होती. आता योहानाचा 4 था अध्याय त्यांच्या कानांनी ऐका. भर दुपारी एक शोमरोनी बाई याकोबाच्या विहिरीवर पाण्याला येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते : तू यहूदी, मी शोमरोनी बाई, माझ्या हातचं पाणी तू कसं मागतोस? यहूदी आणि शोमरोनी यांचा वाटेल तितका इतिहास पंडित सांगतील. ज्या गावात पाणवठा वेगळा होता, जिथं कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत घडा घेऊन उभं राहावं लागे, तिथं या गोष्टीवर टीप लिहायची गरजच नव्हती. तहानलेला देव आपल्याकडे पाणी मागतो आहे, हे ऐकून त्या बायांना काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते. मिशनच्या आवारातही जात लगेच सुटली नाही, एका पंगतीला बसण्यावरून वाद झाले, हेही खरंच आहे. म्हणजे दाखला मंडळीकडेही वळत होता, नाथानाच्या बोटासारखा.

मेंढपाळाच्या दाखल्याचंही तसंच. नगरच्या माळावर धनगर रात्री मेंढरं जाळीच्या वाघरीत घेतात आणि राखणीला जवळच निजतात. योहानाच्या 10 व्या अध्यायात येशू एकदा मी दार आहे म्हणतो आणि लगेच मी मेंढपाळ आहे म्हणतो. एकच जण दोन्ही कसा, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. ज्यानं वाघरीच्या तोंडाशी घोंगडी टाकून पडलेला माणूस पाहिला आहे त्याला तो पडत नाही.

नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाशी ते थबकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भावना प्रसिद्ध आहे. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, 1912 पासून ‘ज्ञानोदया’चा मराठी विभाग सांभाळला. ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं काव्य मात्र 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिलं आणि ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं. शाळेत न गेलेल्या या बाईचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मला या परंपरेतलं सर्वांत मोठं काम वाटतं. त्यात उपदेश शोधून सापडत नाही. स्वयंपाकघर, उसनवारी, सोवळं, प्लेगच्या छावणीतले दिवस, नवऱ्यावरचा राग, हे सगळं आहे तसं मांडलं आहे. वाचता वाचता लक्षात येतं, की सोवळ्यासाठी जीव टाकणारी ती बाई कुणाच्याही लेकराला जवळ घेणारी झाली आहे.

कॅथलिक मंडळीत बदल उशिरा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (1962–65) मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, लोकभाषेला वाट दिली आणि रविवारचं प्रवचन वाचलेल्या शास्त्रपाठाशी जोडलेलं असावं हा आग्रह धरला. वसईच्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी ऐकू येऊ लागली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं, त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

बायबल सुबोध हवं, हा हट्ट त्याच्याही खूप आधी पुणे जिल्ह्यातल्या केडगावात एका बाईनं धरला होता. पंडिता रमाबाईंना संस्कृत अवगत होतं, पुराणं मुखोद्गत होती. त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमातल्या, दुष्काळातून आलेल्या मुलींना छापील मराठी बायबलमधले जड शब्द कळत नाहीत हे त्यांनी पाहिलं. मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षं एकट्यानं भाषांतर करत बसल्या. खेड्यातल्या बाईला ऐकताक्षणी कळेल ती मराठी, एवढीच कसोटी. छापखाना मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बाया. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला.