जांभळ्या झाकणाची ट्यूब

यंत्रातून रिपोर्ट निघतो: पोटॅशियम १४, कॅल्शियम जवळपास शून्य. असे आकडे असलेला माणूस जिवंत असूच शकत नाही. हा मात्र बाहेरच्या बाकावर मोबाईल चाळत बसलाय.

मुरलेला लॅब टेक्निशियन गडबडत नाही. त्याला जांभळ्या झाकणाची ट्यूब आठवते. तिच्यात ईडीटीए नावाचं पोटॅशियमयुक्त रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. दुसऱ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं आणि घाईत कुणी जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं, की पोटॅशियम उसळतं आणि कॅल्शियम कोसळतं.

आता टेक्निशियन 'सॅम्पल रद्द' असा शेरा मारून मोकळा होऊ शकतो. किंवा फोन उचलून रक्त घेणाऱ्या ताईंना विचारू शकतो, "ताई, या पेशंटचं रक्त जांभळीतून ओतलं होतं का?" काम दोन्ही वेळा एकच, सॅम्पल पुन्हा घ्यायचं. पण शेऱ्यातून ताईंना नेमकं काय चुकलं ते कळत नाही, आणि उद्या तेच घडतं.

खरी पंचाईत थोडंसंच रक्त मिसळलं तर होते. मुळात घसरलेलं पोटॅशियम मग ४.२ दिसतं, अगदी नॉर्मल! कॅल्शियमची तपासणी सांगितलेलीच नसेल, तर लॅबला शंका यायचं कारणच उरत नाही. घडलेलं फक्त ओतणाऱ्याला ठाऊक. त्याने आपणहून सांगितलं तरच कळणार.

आणि तो सांगेल का? आरोग्यसेवेतल्या वेगवेगळ्या व्यवसायांचे लोक एकमेकांसोबत शिकायला कितपत तयार आहेत, हे मोजणारी १९ विधानांची एक प्रश्नावली १९९९ पासून वापरात आहे. माझी अडचण अशी, की 'एकत्र काम केल्याने रुग्णाचा फायदा होतो' या धाटणीच्या वाक्याला नाही कोण म्हणेल? एक्स-रेवाला, ईसीजीवाला, लॅबवाला, सगळेच 'सहमत'वर खूण करतील. कागदावरची वृत्ती आणि फोन उचलणारा हात यांच्यात बरंच अंतर असतं.

कागद आणि प्रत्यक्ष यांच्यातलं असंच अंतर एमी एडमंडसन या संशोधिकेला अनपेक्षितपणे दिसलं. रुग्णालयांमधल्या औषध देण्यातल्या चुकांवरचा तिचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, हा तिचा अंदाज. निघालं उलटंच, तिथे नोंदलेल्या चुका जास्त! तिने लावलेला अर्थ असा, की तिथे चुका जास्त होत नसाव्यात, फक्त त्या बोलून दाखवायला लोक कचरत नसावेत. ओरडा बसेल अशी धास्ती असली, की चूक दडपली जाते आणि नोंदवही स्वच्छ दिसते.

म्हणून ज्या लॅबच्या वहीत परत मागवलेल्या सॅम्पलची महिनोन्‌महिने एकही नोंद नाही, तिथली जांभळी ट्यूब कोण, कशी भरतंय, हे मी आधी जाऊन बघेन.