इंडेक्स टूवरचा बाजारभाव आणि बाजारातला भाव

आत्याने सांगलीच्या गावभागातला फ्लॅट विकायला काढला तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक 25 लाखांवर अडून बसलं होतं आणि आत्या 28 च्या खाली यायला तयार नव्हती. "मी मनाचं सांगत नाही रे," असं म्हणत तिने त्याच इमारतीतल्या दुसऱ्या फ्लॅटची इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, माझ्यापुढे धरली. "हे बघ, सरकारनंच लिहिलंय. बाजारभाव 28 लाख. आपला फ्लॅटही तेवढाच आहे की!" (हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल केलेत.)

कागद खरा होता, तिने वाचलेली ओळ मात्र भलतीच होती. इंडेक्स टूवर 'मोबदला' आणि 'बाजारभाव' अशा दोन रकमा एकाखाली एक असतात. व्यवहार जेवढ्याला ठरला असं दस्तात लिहिलंय तो मोबदला. त्याखालचा 'बाजारभाव' म्हणजे सरकारच्या रेडी रेकनरच्या दराने काढलेलं मूल्यांकन. तो फ्लॅट कुणी तेवढ्याला मागितला होता, असा त्याचा अर्थ नाही. आत्याच्या हातातल्या कागदावर वरच्या ओळीत मोबदला 26 लाख लिहिलेला होता. तिकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं, आणि यात तिची काय चूक? नावच असं दिलंय की कुणीही फसावं.

रेडी रेकनरचं कागदोपत्री नाव वार्षिक मूल्यदर तक्ता. नोंदणी व मुद्रांक विभाग तो काढतो, नवे दर 1 एप्रिलपासून लागू होतात. मुद्रांक शुल्क कमीत कमी किती रकमेवर घ्यायचं, हे ठरवायला तो आहे. मोबदला आणि रेकनरचं मूल्य यांत जे जास्त, त्यावर शुल्क. 2023-24 आणि 2024-25 अशी सलग दोन वर्षं हे दर वाढवले नव्हते, मग 2025-26 ला मुंबई सोडून बाकी राज्यात सरासरी 4.39 टक्के वाढवले. बाजार अशी 1 एप्रिलची वाट बघत नाही.

आणि सांगलीत तर नाहीच नाही. रेकनरमध्ये एका मूल्य विभागाला एक दर असतो. इमारत किती जुनी, लिफ्ट आहे का, कितवा मजला, याप्रमाणे मूल्यांकनात थोडं कमी-जास्त होतं. पण आमच्याकडे घर बघायला आलेला माणूस हॉल, किचन बघायच्या आधी पार्किंगमध्ये थांबतो आणि विचारतो, "2019 ला पाणी कुठवर होतं?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. 2005 ला पूर आला होता, 2021 ला पुन्हा आला. आत्याच्या पार्किंगच्या भिंतीवर मीटरच्या पेटीच्या वर ती मातकट रेघ रंग दिला तरी अजून पुसट दिसते. तळमजला आणि दुसरा मजला यांच्या भावातली दरी त्या रेघेनं पाडलीय. नदीपासून लांब, विश्रामबागकडे लोक चार पैसे जास्त मोजतात ते रेकनर बघून नव्हे, रात्री निवांत झोप लागावी म्हणून.

आणखी एक गल्लत मापाची. रेकनरचा दर चौरस मीटरला असतो, आपण बोलतो चौरस फुटात. 40,000 रुपये चौरस मीटर ऐकून डोळे फिरतात, पण 10.764 ने भागलं की ते साधारण 3,716 रुपये फूट होतात. त्यातही रेकनरचा फ्लॅटचा दर बिल्ट-अपवर (भिंतींसकट फ्लॅटचं क्षेत्र) आणि बिल्डर सांगतो तो बहुतेक वेळा सुपर बिल्ट-अपवर (त्यात जिना, लिफ्ट अशा सामाईक जागेचा वाटाही धरलेला). प्लॉटचा भाव गुंठ्यावर ठरतो. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, साधारण 101 चौरस मीटर. माप एक केल्याशिवाय दोन दर शेजारी ठेवूच नका.

आता खरा पेच. रेकनर नेहमी बाजारापेक्षा कमीच असतो असं आपण धरून चालतो. पूरपट्ट्यात उलटंही होऊ शकतं, आणि तिथं मुद्रांक शुल्कापेक्षा आयकर जास्त चावतो. रेकनरचं मूल्य मोबदल्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर विकणाऱ्याचा भांडवली नफा रेकनरच्या रकमेवर मोजतात. आणि घेणाऱ्याच्या बाबतीत तो फरक 50,000 च्या वर असेल तर त्याचं उत्पन्न धरतात. आत्याचा फ्लॅट 25 लाखांना गेला असता तर 28 लाख त्याच्या 12 टक्के वर. म्हणजे घेणाऱ्याच्या उत्पन्नात 3 लाख वाढले असते, जे त्याला कुणी दिलेलेच नाहीत! साधारण 25 लाख 46 हजारांच्या वर व्यवहार झाला की मात्र दोघंही सुटतात. मूल्यांकनच अवाजवी वाटत असेल तर दस्ताआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती बसतं ते ठरवून घेण्यासाठी, अर्ज करता येतो. वेळखाऊ आहे, पण वाट आहे.

बाजारभाव रेकनरच्या वर असेल तिथं दुसराच सल्ला कानावर येतो: "दस्त रेकनरनं करू, वरचे रोख." माझं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. घर-जमिनीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याला मान्य नाही. रोख घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला, तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय ज्यानं घर घेतलं त्याची कागदावरची खरेदी किंमत कमी राहते आणि पुढं विकताना सगळा नफा त्याच्याच माथी येतो. व्यवहार फिसकटला तर रोख दिलेल्या रकमेला पुरावा कुठला?

मग बाजारातला भाव कळायचा कसा? इंडेक्स टूवरूनच, फक्त वरची ओळ वाचून. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदलेले दस्त शोधता येतात. आपल्याच इमारतीतले, नाहीतर शेजारच्या दोन-तीन इमारतींतले गेल्या वर्षभरातले चार-पाच दस्त काढा. मोबदला बघा, क्षेत्राने भागा, मजला लिहून ठेवा. काही दस्तांत रक्कम कमी दाखवलेली असेल, म्हणून एकावर विसंबू नका. एजंटला भाव विचारायचा तो त्यानंतर.

आत्याबरोबर बसून आम्ही तसे पाच दस्त काढले. दुसऱ्या मजल्यावरचे दोन व्यवहार 26 च्या आसपास होते, तिचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. पुढच्या रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा तिने चहा ठेवला, ते कागद टेबलावर पसरले आणि म्हणाली, "तुम्हीच वाचा." 25 लाख 75 हजारांना ठरलं. सगळी रक्कम बँकेतून. मुद्रांक शुल्क अर्थात 28 वरच भरावं लागलं.