भिंग जागेवर, नाभी सरकते

कॅमेऱ्यात फोकस साधायला भिंग मागेपुढे करावे लागते. द्रवस्फटिकाचे (द्रवासारखा वाहणारा, पण ज्याचे लांबट रेणू एकाच दिशेला लागलेले राहतात असा पदार्थ) सूक्ष्मभिंग हलतच नाही; व्होल्टेज बदलले की नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून प्रकाश एकवटतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर, बदलते. जपानच्या सुसुमु सातो यांनी १९७९ साली असे भिंग करून दाखवले.

एका काचेवर आयटीओचा (इंडियम-टिन ऑक्साइड) पारदर्शक वीजवाहक लेप. दुसरीवर ॲल्युमिनियमचा पातळ थर, त्यात १५० मायक्रॉन व्यासाचे गोल भोक. मध्ये ५० मायक्रॉनची फट द्रवस्फटिकाने भरलेली. व्होल्टेज दिले की भोकाच्या कडेचे रेणू उभे राहतात. मध्यभागी विद्युतक्षेत्र क्षीण, तिथले आडवेच राहतात. आडव्या रेणूंचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) जास्त, म्हणून बहिर्वक्र भिंगासारखा प्रकाश मध्याकडे वळतो, पण रेणूंच्या दिशेने ध्रुवित झालेलाच, म्हणजे त्याच एका दिशेत कंप पावणारा. तेव्हा पुढ्यात तेवढाच प्रकाश आत सोडणारा पोलरायझर हवा. अपवर्तनांकातला फरक ०.२ धरला तर नाभीय अंतर २८० मायक्रॉनपर्यंत खाली येते. व्होल्टेज आणखी चढवले तर मधले रेणूही उभे होतात आणि भिंग पुन्हा दुबळे पडते.

गोव्यात द्रवस्फटिक जपून निवडावे. सर्रास वापरले जाणारे ५सीबी ३५ अंशांच्या आसपास साधा द्रव बनते, म्हणजे पणजीतल्या मे महिन्याच्या दुपारी, दिव्याखाली ठेवलेले भिंग नाहीसेच होणार. ई७ मिश्रण सुमारे ५८ अंशांपर्यंत टिकते. आम्ही तेच सुचवू. भरताना काचा ६५ अंशांपर्यंत तापवाव्यात, कडेला थेंब ठेवावा, तो आपोआप आत ओढला जातो. मग सावकाश थंड करावे.

रेणूंना दिशा देण्यासाठी काचांवरचा पॉलिइमाइडचा थर मखमलीने एकाच दिशेने घासतात. पॉलिइमाइड या प्लास्टिकऐवजी स्वस्त पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) वापरले तर ते पावसाळ्यात हवेतले पाणी शोषते. ओलाव्याबरोबर आयन (विद्युतभारित कण) येतात आणि व्होल्टेज तेच असूनही भिंग हळूहळू क्षीण होत जाते. काचा भरण्याआधी ओव्हनमध्ये सुकवा. डीसी कधीही देऊ नका, आयन एका बाजूला साचतात. १ किलोहर्ट्झची चौकोनी एसी लहर द्या.

सर्वांत छळणारा दोष सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो: भिंगाच्या मधोमध वेडीवाकडी रेघ. भोकाच्या समोरासमोरच्या कडांवर क्षेत्ररेषा उलट दिशांना झुकतात, रेणूही तसेच कलतात आणि जिथे दोन्ही कल भिडतात तिथे ही रेघ उमटते. घासताना रेणूंना दोन-तीन अंशांचा आधीच कल मिळाला तर ती टळण्याची शक्यता वाढते. भोकावर पातळ काच ठेवून तिच्यावर आणखी एक आयटीओ थर द्यावा आणि आधी ॲल्युमिनियमला आणि या नव्या थराला एकसारखे व्होल्टेज देऊन सगळे रेणू एकाच बाजूला कलवावेत, हा खात्रीचा उपाय.

भिंग किती वेगाने बदलते हे द्रवस्फटिकाच्या थराच्या जाडीच्या वर्गावर ठरते. ५० मायक्रॉनच्या थराला व्होल्टेज काढल्यावर सावरायला काही सेकंद लागतात. २५ मायक्रॉनचा थर चौपट लवकर सावरतो, पण त्याचे किमान नाभीय अंतर दुप्पट होते.