मागचे स्पीकर गप्प का असतात? सराउंडची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कुणी नवीन होम थिएटर घेतलं की आठ-पंधरा दिवसांत दुकानदाराला एक फोन हमखास येतो, मागचे दोन स्पीकर वाजतच नाहीत, जरा माणूस पाठवा. माणूस येतो, वायर बघतो, टेस्ट टोन लावतो, दोन्ही ठणठणीत वाजतात, आणि सिनेमा लावला की परत गप्प. मग रिमोटवरनं सराउंडची, म्हणजे या मागच्या-बाजूच्या स्पीकरची, लेव्हल फुल्ल केली जाते, नाहीतर असला काहीतरी मोड लावतात की पुढचंच गाणं मागनं पण तसंच्या तसं वाजतं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्या दोन डब्यांचं काम काय हे कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ते कळायचं तर ते मुळात आले कुठनं हे बघावं लागतं.

सुरुवात आपल्या गावातनंच करूया. १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि १९३२ च्या फेब्रुवारीत 'अयोध्येचा राजा' आला, पहिला मराठी बोलपट, तयार झाला तो इथंच. त्या काळात बोलपटाचा आवाज म्हणजे पडद्यामागनं येणारा एकच आवाज, पात्र डावीकडं असो नाहीतर उजवीकडं, आणि हे जगभर असंच होतं. त्याच सुमाराला, डिसेंबर १९३१ मध्ये, लंडनला ईएमआय कंपनीतले इंजिनिअर अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी स्टीरिओच्या, म्हणजे डावा-उजवा असा वेगवेगळ्या दोन आवाजांच्या, पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्याबद्दल असं सांगतात की बायकोबरोबर सिनेमा बघताना त्यांना खटकलं, माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि बोलणं भलतीकडनंच. म्हणजे मूळ प्रश्न होता तो आवाजाच्या जागेचा. आवाज मोठा करायचा हा विषयच नव्हता, आणि पुढची सगळी गोष्ट या जागेभोवतीच फिरते.

पण ब्लमलाइन यांचं काम समोरच्या बाजूचं. आवाज प्रेक्षकाच्या भोवती न्यायचा पहिला मोठा प्रयत्न डिस्नेचा, १९४० चा 'फँटेसिया'. त्यासाठी आरसीए कंपनीबरोबर 'फँटासाउंड' नावाची यंत्रणा बनवली, पडद्यामागं स्पीकर आणि हॉलमध्ये पण स्पीकर, पण खर्च एवढा की मोजक्याच थिएटरात ती लागली आणि त्यात महायुद्ध, विषय तिथंच थांबला. १९५२ ला सिनेरामा ही रुंद पडद्याची पद्धत आली, त्यात सात ट्रॅक, म्हणजे आवाजाच्या सात वेगळ्या नोंदी, पाच पडद्यामागं आणि बाकीचे प्रेक्षकांच्या बाजूला आणि मागं. त्या वेळी अमेरिकेत टीव्ही घराघरात शिरत होता आणि थिएटरं ओस पडायला लागली होती, त्यामुळं घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायची धडपड चालली होती. (आज तेच घरी बसवायची आपली धडपड चाललीय.)

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९५३ ची सिनेमास्कोपची पद्धत. फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्ट्या, चार ट्रॅक, तीन पडद्यामागच्या स्पीकरसाठी आणि चौथा हॉलमधल्या स्पीकरसाठी, म्हणजे सराउंड. हा चौथा ट्रॅक अरुंद होता, त्यामुळं त्यात 'हिस्स' जास्त, आणि पडद्यावर शांत प्रसंग चालू असताना भिंतीवरनं नुसती खरखर ऐकू यायची. मग इंजिनिअरांनी काय केलं, त्या ट्रॅकवर १२ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर टाकला, तो सूर असेल तेवढ्या वेळच हॉलमधले स्पीकर चालू, सूर संपला की बंद. नीट बघा, सराउंड स्पीकर चक्क बंद ठेवायची सोय यंत्रणेतच केलेली होती, गरज असेल तेव्हाच तो तोंड उघडणार. आज दुकानात येणारी जी तक्रार आहे तिचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच देऊन झालंय.

आपल्याकडं १९७५ चा 'शोले' ७० एमएम आणि सहा ट्रॅकच्या स्टीरिओफोनिक आवाजात आला. पण ती चुंबकीय पट्टीची प्रिंट महाग, मशिनरी महाग, त्यामुळं बहुतेक टॉकीजमध्ये एका स्पीकरचाच जमाना चालू राहिला.

हे बदललं ते डॉल्बीमुळं, आणि इथं एक गोष्ट बोलायलाच पाहिजे, मिरवणुकीत ज्या स्पीकरच्या भिंती लागतात त्यांना आपण डॉल्बी म्हणतो पण त्याचा या कंपनीशी काही संबंध नाही. रे डॉल्बी यांनी १९६५ ला लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. खरखर कमी झाली म्हणून तर फिल्मवरच्या साध्या ऑप्टिकल (प्रकाशानं वाचल्या जाणाऱ्या) पट्टीत दोन ट्रॅक बसवता आले, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्याला डॉल्बी स्टीरिओ आलं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'नं ते सगळीकडं पोचवलं. त्यातली युक्ती अशी, ट्रॅक दोनच पण त्यातनं चार आवाज काढायचे, डावा, मधला, उजवा आणि सराउंड. दोन्ही ट्रॅकमध्ये जे सारखं आहे ते मधे जातं, म्हणजे संवाद, आणि दोन्हीत जे एकमेकांच्या उलट आहे ते मागं जातं.

हीच युक्ती अमेरिकन ऑडिओ इंजिनिअर डेव्हिड हाफलर यांनी १९७० च्या आसपास घरच्या स्टीरिओसाठी दाखवली होती, एकदम स्वस्तात. मागचा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लस-मायनसला जोडायच्या ऐवजी डाव्या चॅनेलचा प्लस आणि उजव्या चॅनेलचा प्लस यांच्यामध्ये जोडायचा. मग दोन्हीकडं सारखं असलेलं गायकाचं गाणं एकमेकाला कापून जातं आणि मागं उरते ती हॉलची घुमक, कोरस, टाळ्या. आमच्या ओळखीतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिकनं मंगळवार पेठेत एका घरी अशी जोडणी केलेली मी ऐकलीय. मागच्या स्पीकरला कान लावला तर गाणं जवळपास नाहीच, नुसता पोकळ आवाज, पण जागेवर येऊन बसलं की खोली मोठी झाल्यासारखी वाटायची. त्यानं वायर काढून दाखवली तेव्हा खोली परत लहान झाली. मैफलीत तानपुऱ्याचं असतं तसंच हे, चालू आहे तोवर कुणाचं लक्ष नाही, थांबला की सगळ्यांना कळतं.

घरासाठीचं डॉल्बी सराउंड १९८२ ला आलं आणि १९८७ ला त्याचीच सुधारलेली पद्धत, प्रो लॉजिक. मागचा आवाज तेव्हा एकच, मोनो, स्पीकर दोन लावले तरी दोन्हीत तेच, आणि तो पण ७ किलोहर्ट्झच्या वर कापलेला. का, तर संवादातले 'स' 'श' मागं गळायचे आणि लक्ष मागं जायचं. शिवाय मागचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडायचे, कारण आपला कान आधी आलेल्या आवाजाची दिशा धरतो, त्यामुळं थोडं बोलणं मागं गळलं तरी माणूस पडद्यावरच बोलतोय असं वाटतं. एवढी सगळी खटपट कशासाठी, तर मागच्या स्पीकरकडं कुणी वळून बघू नये म्हणून.

मधेच सत्तरच्या दशकात क्वाड्राफोनिक आलं होतं, चार कोपऱ्यात चार सारखे स्पीकर, पण कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळेनात आणि ते बंद पडलं.

मागच्या दोन स्पीकरना वेगवेगळं काम मिळालं ते १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मुळं. त्याच्या ७० एमएम प्रिंटमध्ये डावा आणि उजवा सराउंड वेगळे होते, आवाजाची रचना करणारे वॉल्टर मर्च यांनी हेलिकॉप्टर प्रेक्षकांच्या भोवती फिरवलं, आणि आजच्या ५.१ चा (पुढं तीन, मागं दोन आणि खर्जासाठी एक स्पीकर) साचा तिथं तयार झाला. १९९२ ला 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, १९९३ ला 'जुरासिक पार्क'बरोबर डीटीएस, ज्यात आवाज फिल्मवर नव्हता, वेगळ्या सीडीवर होता. आता मागच्या स्पीकरना पूर्ण आवाज मिळायला लागला, कापलेला नाही. हिंदीत १९९४ च्या '१९४२ : अ लव्ह स्टोरी'पासून डॉल्बी स्टीरिओ सुरू झालं आणि पुढं डीव्हीडीमुळं ५.१ घरात आलं.

गैरसमज बहुतेक इथंच शिरला. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या दुकानांत स्वस्त पाच स्पीकरचे सेट मिळायला लागले, त्यातल्या बऱ्याच सेटमध्ये डीकोडरच, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा काढणारा भागच, नसायचा, टीव्हीचा किंवा टेपचा स्टीरिओ आवाज पाचही डब्यांत सारखाच वाटला जायचा. पाचही वाजतात म्हणजे भारी, असं डोक्यात बसलं ते बसलंच. त्या सवयीच्या माणसानं डीकोडर असलेला खरा रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) आणला की मागनं एखादा पक्षी, पाऊस, बाजाराचा गलबला एवढंच येतं आणि त्याला वाटतं फसवलं. त्यात केबलवरचं आणि युट्यूबवरचं बरंचसं स्टीरिओच असतं, त्यात मागं पाठवायला वेगळं काही नसतंच.

पुढं सात स्पीकर झाले, २०१२ ला थिएटरात आणि २०१४ ला घरात डॉल्बीचं अ‍ॅटमॉस आलं, डोक्यावरनं पण आवाज यायला लागला. पण साधं ५.१ नीट लागलेलं घर मला कुठल्याही महागड्या पण चुकीच्या जागी लावलेल्या सेटपेक्षा जास्त आवडतं. आणि जागेबद्दल पण इतिहासच बोलतो. थिएटरात सराउंडची रांग दोन्ही बाजूच्या भिंतींवरनं मागंपर्यंत जाते, नुसती पाठीमागं नसते. ५.१ साठी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे ती पण समोरच्या मधल्या स्पीकरपासून १०० ते १२० अंशांची, म्हणजे कानाच्या रेषेपासून थोडंसंच मागं. आपल्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा त्या भिंतीवर डोक्याला चिकटून स्पीकर ठोकण्यापेक्षा बाजूच्या भिंतींवर कानापेक्षा जरा वर लावा, आणि जमलं तर सोफा भिंतीपासून दोन फूट पुढं ओढा.